मधला आवाज कुठून येतो?

घरात दोन स्पीकरांची कुठलीही बरी सिस्टिम असेल तर तिच्यावर १९५०च्या दशकातलं एखादं हिंदी किंवा मराठी चित्रपटगीत लावा. नंतरच्या काळात ‘स्टिरिओ’ करून विकलेली आवृत्ती नको, मूळ मोनो हवी. मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरांना मिळणारा आवाज अगदी एकच. दोन्हींपासून सारख्या अंतरावर बसा आणि डोळे मिटा. गाणं डावीकडून येत नाही, उजवीकडूनही येत नाही. ते येतं बरोबर मधून, जिथे नुसती भिंत आहे तिथून. आता बसल्या जागेवरून फूटभर उजवीकडे सरका. गाणारी व्यक्ती मधली जागा सोडून उजव्या स्पीकरात गेलेली असेल.

स्टिरिओ घ्यावा की सराउंड, हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने आधी हा प्रयोग करावा असं मला मनापासून वाटतं. दुकानात सगळी चर्चा मागच्या स्पीकरांची होते: हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, पाऊस चारी बाजूंनी पडला. ते सगळं खरं आहे आणि ऐकायला मजाही येते. पण निर्णय त्यावर ठरू नये. तो मधल्या जागेवर ठरतो, आणि मधला आवाज घरातल्या किती माणसांना मधून ऐकू यायला हवा यावर.

त्यासाठी कान दिशा कशी ओळखतो ते पाहू. डावीकडून कुणी हाक मारली की ती डाव्या कानाला आधी पोचते, उजव्याला किंचित उशिरा. डोक्याच्या रुंदीमुळे पडणारा हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तरीही मेंदू तो टिपतो. वरच्या स्वरांच्या बाबतीत आणखी एक खूण मिळते: डोकं मध्ये येत असल्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज हळू ऐकू येतो. खालच्या स्वरांसाठी वेळेतला फरक आणि वरच्या स्वरांसाठी पातळीतला फरक, अशी ही मांडणी इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली केली. पुढच्या संशोधनाने तिच्यात बरीच भर घातली, पण पाया तोच राहिला.

दोन स्पीकर एकच आवाज एकाच क्षणी, एकाच जोराने देतात तेव्हा दोन्ही कानांना सारखंच मिळतं. वेळेत फरक नाही, पातळीतही नाही. बरोबर समोरून येणाऱ्या आवाजाच्या बाबतीत असंच घडतं, म्हणून मेंदू तो आवाज समोर ठेवतो. ही प्रतिमा इतकी ठसठशीत असते की पहिल्यांदा ऐकणारा माणूस उठून मधे आणखी एक स्पीकर लपवलाय का ते बघतो. पण ती तोलावर उभी असते. दोन स्पीकरांमध्ये दोन मीटर अंतर आहे आणि तुम्ही दोन्हींपासून दोन-दोन मीटरवर बसला आहात असं धरा. ३० सेंटिमीटर बाजूला सरकलात की एक स्पीकर साधारण १.८७ मीटरवर येतो आणि दुसरा २.१७ मीटरवर जातो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज जवळजवळ ०.९ मिलिसेकंद आधी पोचला. एवढी आघाडी पुरते. जो आधी आला तोच उगम, असं कान ठरवून टाकतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९च्या आपल्या प्रबंधात याच्याही पुढची गोष्ट दाखवली. तोच आवाज दुसरीकडून काही मिलिसेकंद उशिरा आला, तर पहिल्यापेक्षा १० डेसिबलपर्यंत मोठा असूनही तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही. दिशा पहिल्याचीच राहते.

स्टिरिओ हे एका खुर्चीचं तंत्र आहे, ते यामुळे. फार तर एकामागे एक ठेवलेल्या दोन खुर्च्यांचं. शेजारी-शेजारी बसलेल्या तिघांपैकी मधल्यालाच ते पूर्ण मिळतं. हा दोन स्पीकरांच्या व्यवस्थेचा स्वभावच आहे आणि कितीही महाग स्पीकर आणले तरी तो बदलत नाही.

गंमत म्हणजे ही गोष्ट सुरुवातीपासून ठाऊक होती. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर मायक्रोफोन लावून प्रदर्शनात आलेल्या लोकांना दोन कानांना दोन टेलिफोन देऊन गाणं ऐकवलं होतं. पण खरं काम झालं १९३०च्या दशकात, अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर, जवळजवळ एकाच वेळी. लंडनमध्ये ईएमआय कंपनीतल्या ॲलन ब्लमलाइन या तरुण अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. सिनेमात नट पडद्यावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो, आवाज मात्र एकाच जागी थांबतो, हे खटकल्यामुळे त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. त्याने मांडलेली व्यवस्था दोन मार्गिकांची, म्हणजे दोन चॅनेलची, होती. १९३४ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचं मोझार्ट त्याने तिच्यावर ध्वनिमुद्रित केलं. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीवरचं विमान कोसळून तो गेला तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. त्याचं पेटंट बाजारात फळाला आलेलं त्याला बघता आलं नाही.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर यांच्यासमोर वेगळा प्रश्न होता. त्यांना मोठ्या सभागृहातल्या गर्दीला वाद्यवृंद ऐकवायचा होता. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजला आणि दोनशेहून अधिक किलोमीटर दूर वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये श्रोत्यांनी तो टेलिफोनच्या तारांवरून ऐकला. वाद्यवृंदाचा नेहमीचा संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या रात्री वॉशिंग्टनमध्ये आवाजाच्या बटणांवर बसला होता. आणि मार्गिका होत्या तीन: डावी, मधली, उजवी. दोनच ठेवल्या असत्या तर कडेच्या खुर्च्यांवरच्या लोकांसाठी मंचाचा मध्यभाग नाहीसा झाला असता, हे बेलच्या माणसांनी प्रयोग करून पाहिलं होतं. एका श्रोत्याला दोन पुरतात, सभेला तीन लागतात. माझ्या मते घरगुती ध्वनीचा सगळा पुढचा इतिहास या एका फरकातून उलगडतो.

मग घरात दोनच का आले? कारण एलपीच्या खाचेला दोन भिंती असतात. एका भिंतीवर डावी मार्गिका, दुसरीवर उजवी, दोन्ही ४५ अंशांवर कोरलेल्या. ही युक्तीही ब्लमलाइनच्या पेटंटात होती. १९५७-५८ पासून अशा तबकड्या बाजारात आल्या आणि दोन हा आकडा घरोघरी पक्का झाला. तिसरीला खाचेत जागा नव्हती. पॉल क्लिप्श यांच्यासारखे काही स्पीकर बनवणारे तेव्हाही सांगत होते, की डावी आणि उजवी मिळवून मधे तिसरा स्पीकर लावा. फार थोड्यांनी ऐकलं.

सिनेमाने मात्र मधली जागा कधीच सोडली नाही. १९५३ साली ‘द रोब’ रुंद पडद्यावर आला तेव्हा त्याच्या चार ध्वनिपट्ट्यांपैकी तीन पडद्यामागच्या होत्या आणि एक प्रेक्षागृहातल्या परिणामांसाठी. आपल्याकडे १९७५ साली ‘शोले’ ७० मिमीवर सहा ट्रॅकच्या स्टिरिओफोनिक आवाजासह आला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. ज्यांनी तो तिथे पाहिला त्यांना नाण्याचा खणखणाट अजून आठवतो. पण मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: अगदी कडेच्या रांगेत बसलेल्या माणसालाही गब्बरचा आवाज गब्बरच्या तोंडातूनच येताना ऐकू येत होता. १९७०च्या दशकात डॉल्बी स्टिरिओने दोन प्रकाशीय पट्ट्यांत चार मार्गिका गुंफल्या. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मुळे त्या जगभर पोचल्या. १९९२च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डिजिटल ५.१ आलं, म्हणजे पाच मार्गिका आणि खर्जासाठी वेगळी एक. मागच्या मार्गिकांची संख्या एकाची दोन झाली, पुढे चार झाली, २०१२ पासून छतावरही स्पीकर गेले. संवाद आजही मुख्यतः मधल्या स्पीकरवर असतात.

सराउंडकडे मागच्या स्पीकरांच्या बाजूने न बघता मधल्या स्पीकरच्या बाजूने बघा. घरातला रात्रीचा सिनेमा डोळ्यांसमोर आणा. आजोबा दिवाणावर एका टोकाला, मुलं खाली चटईवर, आई हातातलं काम आटोपत स्वयंपाकघराच्या दारात. “काय म्हणाला रे तो?” आवाज वाढवला जातो. पुढच्या मिनिटाला मारामारी किंवा गाणं येतं, आवाज कमी केला जातो. यात दोष बहुतेक वेळा संवाद कुठून येतात याचा असतो. टीव्हीला नुसते दोन स्पीकर जोडले असतील तर सिनेमाची मधली मार्गिका अर्धी-अर्धी वाटून दोन्हींत टाकली जाते. दिवाणावरच्या आजोबांना नायक पडद्याऐवजी शोकेसमधून बोलताना ऐकू येतो.

अगदी मधे बसलेल्यालाही काही किंमत मोजावी लागते. दोन स्पीकरांमधून तयार झालेल्या मधल्या प्रतिमेत प्रत्येक कानाला तोच आवाज दोनदा मिळतो: जवळच्या स्पीकरकडून आधी, लांबच्याकडून सुमारे पाव मिलिसेकंद उशिरा. या दोन लाटा २००० हर्ट्झच्या आसपास एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. बोलण्याची स्पष्टता, विशेषतः व्यंजनांची, बरीचशी त्याच परिसरात आणि त्याच्या वर असते. भिंतींवरून येणाऱ्या परावर्तनांमुळे हा खड्डा थोडा भरतो, पूर्ण भरत नाही. मधे खराखुरा स्पीकर असला की तो पडतच नाही. ज्या घरात ऐकू कमी येणारं वडीलधारं माणूस आहे आणि टीव्ही सगळे मिळून बघतात, तिथे मी स्टिरिओचा आग्रह धरणार नाही. तिथे मधला स्पीकर ही गरज आहे.

मधली जागा विसरल्यावर काय होतं, याचं उदाहरण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडलं. क्वाड्राफोनिक नावाने चार स्पीकरांच्या सिस्टिमी बाजारात आल्या, खोलीच्या चार कोपऱ्यांत चार. सीबीएसची एक पद्धत, सान्सुईची दुसरी, जेव्हीसीची तिसरी, आणि एकीची तबकडी दुसरीवर नीट वाजेना. त्या भांडणात ग्राहक कंटाळले हे खरंच. पण मांडणीतही चूक होती. पुढचे दोन स्पीकर श्रोत्यापासून नव्वद अंशांनी फाकले, त्यामुळे मधली प्रतिमा विरळ झाली. बाजूला, म्हणजे पुढच्या आणि मागच्या स्पीकरांच्या मधे, तर प्रतिमा जवळजवळ उभीच राहत नाही, कारण डाव्या-उजव्याचा तोल साधायला दोन कान आहेत, पुढच्या-मागच्याचा साधायला तशी जोडी नाही. दशक संपायच्या आत तो प्रकार बाजारातून गेला.

आता संगीत. इथे माझं मत स्पष्ट आहे: जो माणूस मुख्यतः आपलं संगीत ऐकतो आणि शांतपणे एकटा बसून ऐकतो, त्याने दोनच स्पीकर घ्यावेत, आणि सगळे पैसे त्या दोघांत घालावेत. आपली ध्वनिमुद्रणं तपासून पाहा. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून घरोघरी गेलं ते मोनोमध्येच. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या, एलपीच्या सुरुवातीच्या काळातले ख्याल, सगळं मोनो. नंतरचं बहुतेक सगळं स्टिरिओ. गायक मधे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, दोन्हीकडे पसरलेले तानपुरे. या मांडणीत मागे काही नाही. मायक्रोफोन कलाकारांच्या अगदी जवळ असतात, सभागृहाचा घुमार त्यांना फारसा मिळत नाही, आणि हवा तो नंतर भरला जातो. रिसीव्हरवरचं एखादं बटण दाबून या स्टिरिओचं पाच स्पीकरांत वाटप करता येतं. पण तेव्हा यंत्र अंदाजाने मागे काय पाठवायचं ते ठरवतं, आणि मग तानपुरा पाठीमागून झंकारतो. तानपुऱ्याने गायकाला वेढायचं असतं, श्रोत्याला नाही.

दोन तानपुऱ्यांचं एकमेकांत मिसळणं, त्यातून वर येणारा गंधार, तबल्याच्या चाटीचा आणि लवेचा वेगळा नाद, गायकाने तोंड किंचित वळवल्यावर बदलणारा आकार, हे ऐकायला चांगला स्पीकर लागतो. जास्त स्पीकरांनी ते मिळत नाही. एकाच रकमेत दोन स्पीकर आणि एक ॲम्प घ्यायचा की सहा स्पीकर आणि एक रिसीव्हर, हा हिशेब कागदावर मांडून बघा. सहांपैकी प्रत्येक स्पीकर हलका असणार.

एकाच ठिकाणी मला आपल्या संगीतात मागच्या मार्गिकांची उणीव खरोखर जाणवते. मैफिलीची दाद. बैठकीत बसलेल्याला “वाहवा” शेजारून येते, मागून येते, समेवर सगळी खोली एकदम हलते. जिवंत मैफिलीच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात ती दाद गायकाच्याच दिशेने, समोरून येते, जणू श्रोते मंचावर बसलेत. कुणी मनावर घेऊन अशा मैफिली पाच मार्गिकांत, मागच्या दोन फक्त श्रोत्यांसाठी राखून ध्वनिमुद्रित केल्या, तर मी माझं मत आनंदाने बदलेन. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला हा लाभ काही प्रमाणात मिळतो. त्यांच्या चांगल्या सभागृहांत बाजूच्या भिंतींवरून परतणारा आवाज संगीताचाच भाग असतो, आणि तशी बहुमार्गिका ध्वनिमुद्रणं उपलब्धही आहेत. अलीकडे, २०२१ पासून, ॲपल म्युझिकसारख्या सेवांवर डॉल्बी ॲटमॉसमधली गाणीही मिळतात. ज्यांचं ऐकणं मुख्यतः त्या प्रकारचं आहे त्यांचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

खोलीचं मत या सगळ्याच्या वर आहे. आपल्या फ्लॅटचा हॉल साधारण दहा बाय पंधरा फुटांचा, खाली गुळगुळीत टाइल्स, भिंतींना सिमेंटचा गिलावा, एका बाजूला काचेची सरकती खिडकी, दुसऱ्या बाजूला पॅसेजकडे उघडी जागा. अशा खोलीत टाळी वाजवली तर ती तडतडते. त्यात पाच स्पीकर लावले की पाचांचाही आवाज भिंतींवर आदळणार. आधी जाड पडदा, सतरंजी किंवा गालिचा, पुस्तकांचं उघडं कपाट. या गोष्टी स्पीकरांआधी याव्यात. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असतो ही दुसरी अडचण. मागचे स्पीकर पाठीमागेच हवेत असं अनेकांना वाटतं, पण ५.१ची आंतरराष्ट्रीय मांडणी त्यांना १०० ते १२० अंशांवर ठेवते, म्हणजे बाजूच्या जरा मागे, आणि पुढचे दोन मध्यापासून ३०-३० अंशांवर. त्यामुळे सोफा फूट-दीड फूट जरी पुढे ओढता आला तरी बाजूच्या भिंतींवर कानांच्या थोडे वर त्यांची सोय होते. तेवढंही शक्य नसेल आणि एक बाजू पॅसेजकडे उघडी असेल, तर मागच्या स्पीकरांचा नाद सोडलेला बरा.

खर्जाचंही खोलीच ठरवते. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज उभा राहतो, पंधरा फुटांत ३७-३८च्या आसपासचा. सबवूफर कोपऱ्यात ढकलला की हेच स्वर फुगतात आणि डग्ग्याचा घुमारा सगळ्या गाण्यावर पसरतो. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, म्हणून सबवूफर हवा तिथे हलवता येतो. हलवून ऐका, आणि डग्गा घुमतोय की नुसता गडगडतोय यावर जागा ठरवा. साउंडबारबद्दल एवढंच सांगतो की टीव्हीचे संवाद त्याने नक्की सुधारतात, विशेषतः ज्यात मधला स्पीकर वेगळा असतो त्याने. संगीतासाठी तो मी सुचवणार नाही.

बहुतेक घरांसाठी मी जी व्यवस्था सुचवतो ती दुकानात कुणी सहसा सुचवत नाही: पुढचे दोन उत्तम, त्यांच्याच मालिकेतला मधला एक, आणि तूर्त मागे काही नाही. रिसीव्हरला मागचे स्पीकर नाहीत हे सेटिंगमध्ये सांगितलं की मागचा मजकूर पुढे वळवला जातो, काही हरवत नाही. मधला स्पीकर दुसऱ्या कंपनीचा किंवा सवलतीत मिळाला म्हणून घेऊ नका. पडद्यावर चालणाऱ्या माणसाचा आवाज डावीकडून मधे येताना बदलला तर सगळी मेहनत वाया जाते. तो टीव्हीच्या खालोखाल, शोकेसच्या कडेला पुढे आणून, किंचित वर तोंड करून ठेवा, कपाटाच्या आत कोंबू नका. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरा. गाणं ऐकताना स्टिरिओ किंवा डायरेक्टचं बटण दाबा, मधला स्पीकर गप्प होईल आणि तुमची एक खुर्ची तुम्हाला परत मिळेल. रात्री सगळे सिनेमाला बसले की तो पुन्हा चालू करा. आणि घराचं काम काढलंच असेल तर प्लास्टर होण्याआधी सोफ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत वायरींसाठी मोकळे पाइप टाकून ठेवा. इलेक्ट्रिशियनला ते टीव्हीच्या भिंतीपर्यंत अखंड न्यायला सांगा, आणि विजेच्या वायरी त्यात घालू देऊ नका.